‘कधीच न सुटणारी’ बोलाइन? कुणी सांगितलं?

बोलाइन म्हणजे दोराच्या टोकाला फास करायची गाठ. तिचा तो व्हिडिओ आता पुतण्याकडूनही आला. वर प्रश्न: ‘काका, ही एक शिकली की झालं ना?’ नाही झालं. त्यातले दावे चार: ती कधीच सुटत नाही, कुठल्याही दोराला चालते, दोराची ताकद घटत नाही आणि ती कमरेला बांधून माणूस वर ओढता येतो.

‘कधीच सुटत नाही’ म्हणजे कहर आहे. बोलाइनची ख्यातीच मुळी मोठा भार पेलूनही सहज सुटण्याची! मूळ, म्हणजे भार पेलणाऱ्या दोरामागून आलेला वळसा अंगठ्याने मागे ढकलला की गाठ मोकळी. ताण असेपर्यंत, खरखरीत दोरात ती पक्की राहते, एवढं मान्य. पण ताण गेला आणि दोर हलत-आपटत राहिला की तोच वळसा आपसूक सैल पडतो आणि शेपूट, म्हणजे दोराचं मोकळं टोक, माघारी निघतं. व्हिडिओत ते शेपूट जेमतेम दोन बोटं आहे! दोराच्या जाडीच्या निदान बारापट हवं, म्हणजे १० मिमी दोराला १२ सेंमी. शिवाय शेपटाने फासाच्या लगतच्या पदराभोवती दोन वेढ्यांची अडगाठ मारायची. तिच्यासाठी दोराची लांबी वेगळी धरा. फास आतून दोन बाजूंना ताणला तर गाठ उलटून सरकू शकते, ते निराळंच.

‘कुठलाही दोर’? क्लिफर्ड अ‍ॅशली यांच्या १९४४च्या गाठींच्या कोशात साधी बोलाइन १०१० क्रमांकावर आहे. पुढे १०१३वर दुहेरी येते, छोट्या वेटोळ्याला एक वेढा जास्त, आणि ती ताठर-निसरड्या दोरासाठीच.

ताकद तर प्रत्येक गाठीत घटते. बोलाइनमध्ये साधारण दोन तृतीयांश उरते.

आता कमरेचं. यात जीव जाऊ शकतो. लटकलेल्या माणसाचा फास बरगड्यांखाली सरकतो, छाती आवळते, काही मिनिटांत श्वास कोंडतो. माणसासाठी हार्नेसच, म्हणजे अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज हवा, आणि त्याला फिगर एट, म्हणजे इंग्रजी 8च्या आकाराची गाठ. टोकापासून सुमारे मीटरभर आत सुटा आठ पाडायचा, टोक हार्नेसमधून ओवायचं आणि त्याच वाटेने, पदराला पदर लावून, परत आणायचं. मग चारही पदर एकेक करून आवळायचे. पदर एकमेकांवर चढलेले दिसले तर सोडून पुन्हा बांधा. भारानंतर ही गाठ सोडताना बोटं दुखतील, दुखू देत.