पंप नसताना दमा ‘५ मिनिटांत थांबवा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

एक मेसेज सध्या खूप फिरतोय, मला एका आठवड्यात तीन जणांनी पाठवला. म्हणणं असं की इनहेलर, म्हणजे पंप, जवळ नसताना दम्याचा अटॅक आला तर घाबरू नका, घरच्या घरी ५ मिनिटांत थांबवता येतो. कसा, तर आडवं पडून दीर्घ श्वास घ्या, कडक काळी कॉफी प्या कारण ती इनहेलरचंच काम करते, निलगिरीचं तेल टाकून वाफ घ्या, कागदी पिशवीत श्वास सोडून तोच परत आत घ्या, छातीतली घरघर थांबली की अटॅक संपला असं समजा, अर्ध्या तासात फरक पडला नाही तरच दवाखाना बघा, आणि दुसऱ्याचा किंवा तारीख उलटलेला पंप अजिबात वापरू नका. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांच्याबद्दल तक्रार नाहीये. पण माझ्या धाकट्या भावाला दमा आहे आणि यातले दोन उपाय मी स्वतः त्याच्यावर करून पाहिलेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी ती अर्ध्या तासाची ओळ घेते कारण सगळ्यात घातक तीच आहे, बाकीचे उपाय नुसते निरुपयोगी असते तरी चाललं असतं पण या एका ओळीमुळे ते जिवावर बेततात. पंप जवळ नाही आणि अटॅक आलाय, म्हणजे जे औषध काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतं तेच नाहीये, मग ते जिथे आहे तिथे पोचायची घाई करायची की अर्धा तास घरात प्रयोग करायचे? ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंचा देशपातळीवर आढावा घेतला गेला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात १९५ मृत्यू तपासले, त्यातले ८७ जण, म्हणजे ४५ टक्के, कुणाची मदत मागायच्या आधीच किंवा मदत पोचायच्या आत गेले. आणि सगळेच काही फार आजारी असलेले नव्हते, निम्म्याहून जास्त लोकांवर सौम्य किंवा मध्यम दमा समजूनच उपचार चालू होते. म्हणून ‘याचा दमा साधाच आहे, बसेल थोड्या वेळात’ हे वाक्य ऐकलं की मला आता धडकीच भरते. पंप नाही आणि धाप वाढतेय तर अँब्युलन्सचा फोन पहिला, बाकी जे काही करायचं ते फोन झाल्यावर, ती येईपर्यंत.

आत नेमकं काय होतं ते एकदा समजलं की बाकीचे मुद्दे आपोआप सुटतात. अटॅकमध्ये श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, नळ्यांचं आतलं अस्तर सुजतं आणि त्यात चिकट कफ साठतो, तिन्ही एकाच वेळी. नळी अरुंद झाली की हवा आत जाते पण बाहेर पडायला जागा राहत नाही, आधीची हवा अडकलेली असतानाच माणूस वरून अजून घेतो आणि छाती फुग्यासारखी फुगून राहते. लगेच आराम देणाऱ्या निळ्या पंपातलं सालब्युटामॉल हे औषध त्या आवळलेल्या स्नायूंना सैल करतं, काही मिनिटांत. सूज त्यानेही उतरत नाही, तिला स्टेरॉईड लागतं आणि त्याची गोळी घेतली तरी परिणाम दिसायला काही तास जातात. आता यात वाफ, पिशवी, दीर्घ श्वास नक्की कुठे बसतात ते मला सांगा.

‘आडवं पडा.’ हे मी केलंय. रात्रीची वेळ होती, भाऊ पलंगाच्या कडेला बसला होता, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवलेली, मान पुढे, प्रत्येक श्वासाला खांदे कानांपर्यंत वर जात होते आणि गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जात होता. मी म्हटलं अरे जरा पड, बरं वाटेल. त्याने नुसती मान हलवली. मी तरी उशी लावून त्याला मागे रेलवलं आणि दोन सेकंदांत तो माझा हात झटकून परत उठून बसला. त्याचं शरीर बरोबर होतं आणि मी चूक होते. आडवं पडलं की पोट वर दाबतं, छाती आणि पोटामधल्या पडद्याला खाली सरकायला जागा मिळत नाही, आधीच फुगलेल्या छातीला ते परवडत नाही. बसूनच राहायचं, थोडं पुढे वाकून, हात टेबलावर किंवा गुडघ्यांवर टेकवून, आणि रुग्ण स्वतः जशी बैठक धरतो ती मोडायची नाही. गळ्याचं, कमरेचं काही घट्ट असेल तर सैल करा, धूर, धूळ, उग्र वास, ज्यामुळे सुरू झालं असेल त्याच्यापासून लांब न्या.

दीर्घ श्वासाचं म्हणाल तर त्यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. भरपूर हवा आत ओढायला सांगणं चूक, अडचण बाहेर सोडण्याची आहे. नाकाने सावकाश घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, दिव्यावर हलकी फुंकर घातल्यासारखा लांबवर सोडायचा, याने श्वासाची गती थोडी कमी होते, अडकलेली हवा थोडी बाहेर पडते, जिवाची तगमग कमी होते. समोर बसून त्याच्याबरोबर करा, त्याने खरंच धीर येतो. पण आवळलेला स्नायू याने सुटत नाही आणि सूजही उतरत नाही. ‘घाबरल्यामुळेच होतंय, शांत झालास की थांबेल’ हे तर कृपा करून कुणाला ऐकवू नका, श्वास मिळत नाही म्हणून तो घाबरलाय. त्या भरात कुणी घरातली झोपेची किंवा टेन्शनची गोळी देतं, ती अजिबात नको. झोपेच्या गोळ्यांनी श्वासाचा जोर कमी होतो, आणि धडधडीवर देतात ती प्रोप्रॅनोलॉल तर दम्याच्या माणसाच्या नळ्या अजून आवळू शकते.

आता कॉफी. या मुद्द्याला थोडा वेळ देते कारण मेसेजमधलं एवढं एकच विधान हवेतलं नाहीये. एकोणिसाव्या शतकात हेन्री हाइड सॉल्टर नावाचे इंग्रज डॉक्टर होते, त्यांना स्वतःला दमा होता आणि ते रुग्णांना कडक काळी कॉफी घ्यायला सांगायचे. तेव्हा हातात दुसरं फारसं नव्हतंच. पुढे कळलं की कॅफिन आणि दम्यावरचं जुनं औषध थिओफिलिन हे एकाच कुळातले, आणि थोडं कॅफिन तर शरीरातच थिओफिलिनमध्ये बदलतं. कॅफिनवरच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने एकत्र आढावा घेतलाय, त्यात फुप्फुसांची क्षमता थोडीशी सुधारते असंच दिसलं, सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास, दोनेक तास. पण ते छोटे छोटे प्रयोग होते, सगळे मिळून शंभर माणसंही नव्हती, आणि ती बरी असताना तपासलेली, अटॅकमध्ये गुदमरत असलेली नव्हे. म्हणून त्या आढाव्याचा व्यवहारातला उपयोग काय निघाला तर फुप्फुसांची तपासणी करायची असेल तर आधीचे काही तास कॉफी घेऊ नका, नाहीतर आकडे जरा चांगले येतील. कॉफीने इनहेलरचं काम भागतं असं त्यात कुठेही नाही. शिवाय ती पोटात जाणार, तिथून रक्तात जाणार, मग परिणाम दिसणार, पंपाच्या औषधासारखी थेट नळीत पोचत नाही. जो माणूस आधीच थिओफिलिनच्या गोळ्या घेतोय त्याला वरून कडक कॉफीने धडधड वाढायची ती वेगळीच.

मी कॉफी केली होती त्या रात्री. गॅसपाशी उभी राहून, चांगली कडक. ती घेऊन आले तर भाऊ कप तोंडाला लावायचा आणि घोट न घेताच खाली करायचा, कारण गिळायला क्षणभर श्वास थांबवावा लागतो आणि त्याच्याकडे तेवढा क्षणही नव्हता. अर्धी कॉफी त्याच्या अंगावर सांडली. बळेच पाजली असती तर ठसका लागून अजून बिघडलं असतं, हे मला नंतर सांगितलं गेलं. वाक्य पूर्ण करता येत नसेल इतकी धाप असलेल्या माणसाला काहीही खायला प्यायला घालू नका, फार तर ओठ ओले करण्यापुरतं पाणी. आणि त्या कॉफीपायी दहा मिनिटं गेली ती गेलीच.

वाफेने दम्याचा अटॅक उतरतो याला आधार नाही. बंद नाक जरा मोकळं वाटतं, पण आवळलेल्या नळ्या त्या नाकाच्या खूप खाली आहेत, आणि निलगिरीसारख्या उग्र वासाने काहींचा अटॅक उलट भडकतो. धाप लागलेल्या, थरथरणाऱ्या माणसासमोर उकळत्या पाण्याचं भांडं ठेवायचं म्हणजे भाजण्याची भीती आहेच, लहान मुलं तर वाफ घेताना फार भाजतात.

कागदी पिशवी कधीही नाही. एके काळी भीतीने जोरजोरात श्वास घेणाऱ्यांना ती सुचवत असत, तीही पद्धत आता मागे पडलीय. दम्यात तर ऑक्सिजनच कमी पडतोय, त्यात वापरलेलीच हवा परत घ्यायची म्हणजे होता तोही कमी करायचा.

मग ती ओळ, घरघर थांबली की अटॅक संपला. हे वाचताना अंगावर काटा आला कारण मी त्या रात्री हेच समजले होते. त्याच्या छातीतली शिट्टी दाराबाहेर ऐकू येत होती, मी कॉफीचं सांडलेलं पुसत होते आणि ती हळूहळू बंद झाली. मला वाटलं सुटला. बघते तर तो शांत बसलेला, डोळे अर्धवट मिटलेले, ओठांच्या कडा निळसर, आणि हाक मारली तर उत्तर एका शब्दातही नाही. शिट्टी वाजायला नळीतून थोडी तरी हवा वाहावी लागते, हवा जवळजवळ थांबली की आवाजही थांबतो. डॉक्टर लोक याला छाती मुकी झाली म्हणतात आणि ती जिवावरची खूण आहे. खरंच बरं वाटत असेल तर माणूस बोलतो, लांब वाक्य बोलतो, खांदे खाली येतात, चेहऱ्यावर रंग येतो. आवाज गेला आणि माणूसही मलूल झाला तर ते बरं होणं नाही. ऑक्सिमीटर असेल तर ९२ च्या खालचा आकडा म्हणजे गंभीर, पण आकडा चांगला दिसतोय म्हणून निर्धास्त होऊ नका, सुरुवातीला तो बराच वेळ नीट राहतो, आणि सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. त्याला एक ते दहा आकडे एका श्वासात म्हणायला लावा, नाही जमलं तर थांबू नका. भाऊ वाचला कारण शेजारच्या काकूंनी आमचा आवाज ऐकून आधीच अँब्युलन्सला फोन केला होता, मी केला नव्हता.

शेवटचा मुद्दा, दुसऱ्याचा पंप नको, तारीख उलटलेला नको. रोजच्या वापरासाठी हे बरोबर, आपला पंप आपलाच असावा. पण श्वास अडकलाय आणि शेजाऱ्याकडे निळा, आराम देणारा पंप आहे तर तो घ्या, फोन झाल्यावर कुणाला तरी तो आणायला पळवा. तारीख उलटली असेल तर औषधाचा जोर कमी झालेला असू शकतो, तरी काहीच नसण्यापेक्षा तो चांगला. फक्त पंपावरचं नाव वाचा, सालब्युटामॉल हवं, काही पंपांत फॉर्मोटेरॉल आणि स्टेरॉईड एकत्र असतं तोही लवकर काम करतो, पण नुसता स्टेरॉईडचा रोजचा पंप त्या क्षणी उपयोगाचा नाही. सालब्युटामॉलचा एक पफ, मग चारेक श्वास, मग दुसरा, असे ४ पफ, ४ मिनिटं थांबून फरक नसेल तर परत ४, आणि मदत येईपर्यंत हेच. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, असेल तर त्यातून द्या. केप टाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये अटॅक आलेल्या मुलांवर तपासून पाहिलं होतं, ५०० मिलीच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, फट बुजवून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच चालला. अशी बाटली आधीच करून ठेवली तर बरं, ऐन वेळी कात्री शोधत बसू नका.

आणि एक, माझ्या भावाकडे त्या रात्री पंप होता. खिशातच होता, दाबला की फवाराही येत होता, म्हणून आम्ही आधी तोच चार वेळा मारला. औषध संपलं तरी आतला गॅस उरतो आणि फवारा येतच राहतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. पाण्यात तरंगतो का बघून कळतं म्हणतात, तेही भरवशाचं नाही. बहुतेक डब्यांत २०० पफ असतात, मागे आकडा दाखवणारा काउंटर असेल तर तो बघा, नसेल तर पहिल्या दिवशीची तारीख पंपावर पेनाने लिहा आणि हिशोब ठेवा. त्याच्या आताच्या पंपावर माझ्या अक्षरात तारीख आहे, दुसरा भरलेला पंप माझ्या पर्समध्ये असतो.