हिच वजन वाटून देतो, नाहीसं करत नाही

अमेरिकेत ट्रेलर घेऊन फिरणाऱ्या मराठी मंडळींत हिचबद्दल, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या साधनाबद्दल, एक सल्ला सतत फिरत असतो. नवा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घ्यायला निघालेल्याला तो कोणी ना कोणी पाठवतंच. त्याचा गोषवारा असा: पिकअप लहान पडत असली तरी घाबरू नका, वेट डिस्ट्रिब्यूशन (भार वाटून देणारा) हिच लावला की टंग वेट, म्हणजे ट्रेलरचा गाडीवर येणारा भार, निम्मं होतं आणि गाडीची ओढण्याची क्षमता वाढते. या हिचचे स्प्रिंगसारखे बार सगळ्यात जाड घ्या, जास्त झाले तर बिघडत काही नाही. गाडी आणि ट्रेलर एका रेषेत दिसले की जुळणी बरोबर. आणि हा हिच असला की ट्रेलर डोलत नाही.

यातलं प्रत्येक विधान चुकीचं आहे. मागच्या सीटवर मुलं बसवून लोक याच भरवशावर हायवेला लागतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहितो आहे.

आधी टंग वेट म्हणजे काय ते बघू. ज्यांनी बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ओझं फार पुढे आलं की बैलांच्या मानेवर भार पडतो. ट्रेलरचंही तसंच आहे. त्याच्या पुढच्या दांड्याने हिचच्या बॉलवर, म्हणजे ज्या गोळ्यावर तो दांडा टेकतो त्यावर, टाकलेला भार म्हणजे टंग वेट. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये तो भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असायला हवा.

आता पहिला दावा: टंग वेट निम्मं होतं, क्षमता वाढते.

एक हिशेब करून बघू. भरलेला ट्रेलर 6200 पाउंडांचा, टंग वेट 800 पाउंड. पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 145 इंच, मागच्या आसापासून बॉलपर्यंत 60 इंच. साध्या हिचवर हा ट्रेलर टेकवला की मागचा आस टेकू होतो आणि गाडीची तरफ बनते. 800 गुणिले 60 भागिले 145, म्हणजे पुढच्या चाकांवरून सुमारे 330 पाउंड उचलले जातात आणि मागच्या आसावर 1130 पाउंड पडतात. स्टिअरिंग हलकं वाटतं, पुढचे ब्रेक नीट पकडत नाहीत आणि रात्री दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ते यामुळे.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे दोन स्प्रिंग बार ही तरफ उलट बाजूने दाबतात. ढकलगाडीचे दांडे उचलावेत तसं. समजा बार इतके ताणले की पुढच्या चाकांनी गमावलेल्यातलं निम्मं, म्हणजे 165 पाउंड, परत आलं. बॉलपासून ट्रेलरच्या आसांपर्यंत 200 इंच धरले, तर त्याच ताणाने ट्रेलरच्या चाकांवर फक्त 90 पाउंडांच्या आसपास जातात. मागच्या आसावरून सुमारे 255 उतरतात. म्हणजे 800 पैकी जवळपास 710 पाउंड अजूनही पिकअपच्याच अंगावर आहेत. बार आणखी ताणून पुढचा सगळा भार परत आणला, तरी 615 च्या आसपास उरतात. निम्मं कुठेच झालेलं नाही.

तरीही हा समज उगाच पसरलेला नाही, त्याला एक कारण आहे. अनेक पिकअपच्या रिसीव्हरवरच्या (मागे हिच घालायच्या खाचेवरच्या) पट्टीवर दोन आकडे असतात: साध्या हिचसाठी एक, वेट डिस्ट्रिब्यूशनसाठी दुसरा, मोठा. तो वाचून वाटतं की हिचने क्षमता वाढवली. खरं म्हणजे गाडीची मर्यादा निर्मात्याने आधीच ठरवलेली असते. साध्या हिचवर त्या मर्यादेपर्यंत जाऊ नका, एवढंच ती पट्टी सांगते. आणि काही एसयूव्हींच्या पुस्तिकेत वेट डिस्ट्रिब्यूशन हिच वापरूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ती पुस्तिका वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

हाफ-टन, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या पिकअपमध्ये बहुतेक वेळा ओढण्याची क्षमता आड येत नाही, पेलोड येतो, म्हणजे माणसं, सामान आणि टंग वेट मिळून गाडीच्या अंगावर येणारं वजन. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर टायरची माहिती देणारा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर जाऊ नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. समजा तो आकडा 1500 आहे. चार माणसं 600 पाउंड, मागच्या डब्यातलं सामान 200, हिच स्वतः सुमारे 100. उरले 600. वरच्या उदाहरणातला ट्रेलर, बार पूर्ण ताणूनसुद्धा, त्यात बसत नाही. अशा वेळी उत्तर लहान ट्रेलर किंवा मोठी पिकअप हेच आहे. महाग हिच हे उत्तर नव्हे.

दुसरा दावा: बार जितके जाड तितके चांगले.

बार म्हणजे स्प्रिंग आहे, आणि स्प्रिंगने वाकायला हवं. 500 पाउंड टंग वेटच्या ट्रेलरला 1200 पाउंडांसाठी बनवलेले बार लावले तर ते जवळजवळ वाकतच नाहीत. पेट्रोल पंपात शिरताना, रस्त्याच्या उंचवट्यावर, प्रत्येक धक्का ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यात आणि पिकअपच्या रिसीव्हरमध्ये जातो. चाक जरा खोलगट जागेत गेलं की मागच्या आसावरचा भार एकदम कमी होतो, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं हलकी होणं फार वाईट. फार हलके बार उलट्या बाजूने फसवतात. ते पूर्ण वाकतात आणि तरी पुढची चाकं उचललेलीच राहतात.

मग कोणता बार घ्यायचा? भरलेल्या ट्रेलरचं टंग वेट, आणि त्यात पिकअपच्या मागच्या आसाच्या मागे ठेवलेलं सामान मिळवायचं, कारण तेही बॉलवरच्या भारासारखंच मागे खेचतं. ही बेरीज ज्या बारच्या वजनमर्यादेत (किमान ते कमाल) मधोमध किंवा वरच्या बाजूला बसते, तो बार.

इथे मीच चुकलो होतो. विक्रेत्याने ब्रोशरमधलं टंग वेट बघून बार बसवून दिले आणि मी मान डोलावली. ब्रोशरमधला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो. त्यात बहुतेक वेळा बॅटरी नाही, गॅस नाही, पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत. 20 पाउंडी प्रोपेनचा एक भरलेला सिलिंडर टाकीसकट 37 पाउंडांच्या आसपास भरतो, आणि दोन सिलिंडर थेट दांड्यावर बसतात. पाणी गॅलनला 8.3 पाउंड, म्हणजे 40 गॅलनची टाकी 330 पाउंडांची. ती आसाच्या पुढे असेल तर टंग वेट वाढवते, मागे असेल तर कमी करते. माझ्या ट्रेलरचं खरं टंग वेट ब्रोशरपेक्षा दोनशे पाउंडांहून जास्त निघालं. बार बदलावे लागले. तोवर दोन सहली आम्ही हलक्या बारवर केल्या होत्या, बायको आणि दोन्ही मुलं गाडीत असताना.

तिसरा दावा, एका रेषेत दिसलं की झालं. हा डोळ्यांना पटतो, म्हणून चिवट आहे. मागच्या सस्पेन्शनला एअर बॅग (हवा भरायच्या रबरी पिशव्या) लावून हवा भरली तरी गाडी समतल दिसते. पण एअर बॅग फक्त मागची बाजू उचलते, पुढच्या चाकांवरचा गेलेला भार ती परत आणत नाही. त्यामुळे मोजायची असते ती पुढच्या चाकाच्या कमानीची उंची. टेप घ्या, सपाट जागा बघा. ट्रेलर न जोडता एकदा मोजा, जोडून पण बार न लावता दुसऱ्यांदा, बार लावून तिसऱ्यांदा. जोडल्यावर पुढची कमान दीड इंच वर गेली असेल, तर बार लावल्यावर त्यातलं किती खाली यायला हवं हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. निर्मात्यागणिक हे प्रमाण बदलतं, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलू नका. एक गोष्ट मात्र सगळीकडे लागू आहे: ट्रेलर न जोडलेल्या उंचीपेक्षा पुढची बाजू खाली जाता कामा नये. तितकं दाबलं तर मागची चाकं हलकी पडतात आणि वळणावर ट्रेलर गाडीला आडवं ढकलू शकतो.

टेपपेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे ट्रक स्टॉपवरचा कॅट स्केल, म्हणजे गाड्यांचा वजनकाटा. त्याचे वजनाचे फलाट वेगवेगळे असतात, त्यामुळे पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांचं वजन निराळं मिळतं. बार लावून एक पावती, बार सोडून दुसरी, ट्रेलर बाजूला लावून नुसत्या पिकअपची तिसरी. माणसं तिन्ही वेळा गाडीतच. दुसऱ्या पावतीतल्या पिकअपच्या दोन्ही आसांच्या बेरजेतून तिसरीतली बेरीज वजा केली की खरं टंग वेट हातात येतं. पुढच्या आसाने किती गमावलं आणि किती परत मिळालं, तेही याच तीन कागदांत असतं. अर्ध्या तासाचं काम आहे.

चौथा दावा: या हिचने ट्रेलर डोलत नाही.

भार वाटणं आणि डोलणं रोखणं ही दोन वेगळी कामं आहेत. काही हिच फक्त पहिलं करतात. त्यांना घर्षणाचा वेगळा बार जोडावा लागतो, आणि अशा बहुतेक बारांच्या बाबतीत रिव्हर्स घेताना तो काढावा लागतो. काहींत स्प्रिंग बार धातूच्या कंसांवर घासतात आणि तेच घर्षण डोलणं आवरतं. काहींत बारांची टोकं कॅमवर (गोलाईच्या लोखंडी तुकड्यावर) बसतात आणि ट्रेलरला सरळ रेषेत ओढून धरतात. हेन्सलीसारख्या महागड्या हिचमध्ये दांड्यांची रचनाच अशी असते की वळण्याचा बिंदू बॉलवर न राहता पुढे, मागच्या आसाच्या जवळ सरकल्यासारखा होतो. लांब ट्रेलर आणि आखूड पिकअप असेल तर तो खर्च मला पटतो. 20 फुटी ट्रेलरला कंसावर घासणारे बार पुरतात.

पण यातला कुठलाही हिच उलाळ ट्रेलरला सावरू शकत नाही. मागच्या बंपरवर चार सायकली टांगल्या, मागची टाकी भरलेली ठेवली, की टंग वेट 10 टक्क्यांच्या खाली जातं आणि ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो. कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्सजवळ आय-10 हायवेवर पवनचक्क्यांच्या रांगांमधून वारा आडवा येतो, तिथे किंवा वायोमिंगच्या आय-80 वर हे लगेच कळतं. ट्रेलर डोलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका, वेगही वाढवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरचा (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या उपकरणाचा) हाताने दाबायचा खटका वापरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. तो खटका कुठे आहे हे अंगणात उभ्या गाडीत दोन-चारदा चाचपून ठेवा, आणि शेजारी बसणाऱ्यालाही दाखवा. वेग हाही इलाज आहेच. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना मर्यादा ताशी 55 मैल आहे, आणि वाऱ्यात तीही मला जास्त वाटते.

ज्यांनी तो सल्ला ऐकून हिच घेतला आहे त्यांनी लगेच तो विकायला काढू नये. बऱ्याच हिचमध्ये डोकं (बॉल आणि बार बसतात तो भाग) तेच ठेवून बार बदलता येतात, आणि डोक्याचा कल, बार ताणणाऱ्या साखळीच्या कड्या किंवा कंसाची उंची तर बहुतेकांत बदलता येते. पुढच्या सहलीला निघताना पाणी, गॅस, माणसं, सायकली, सगळं नेहमीसारखं भरा आणि वाटेतल्या पहिल्या कॅट स्केलवर थांबा. तिन्ही पावत्यांवर बार लावलेले की सोडलेले हे पेनने लिहून ठेवा, कारण नंतर त्या ओळखता येत नाहीत.