जुन्या तमिळ चित्रपटांतलं प्रेम 'सोज्वळ' होतं, हा दावा टिकत नाही

जुन्या तमिळ चित्रपटांत प्रेम सोज्वळ होतं, संसार मोडत नव्हते, स्त्रीला मान होता. घटस्फोट, नात्यांतली गुंतागुंत आणि मुलीच्या मागे लागणं हे सगळं गेल्या वीस वर्षांत आलं, असा दावा सध्या खूप फिरतो आहे. चित्रपट तपासले की तो मुद्द्यागणिक कोसळतो.

'संसार मोडत नव्हते.' के. सुब्रह्मण्यम यांचा 'त्यागभूमी' १९३९चा. नवऱ्याने टाकलेली सावित्री पुढे श्रीमंत होते. नवरा तिला नांदायला आणण्यासाठी कोर्टात जातो, तेव्हा ती परत जायला नकार देते आणि उलट त्यालाच पोटगी देऊ करते! आजही असा प्रसंग लिहायला धाडस लागेल. के. बालचंदर यांच्या 'अवर्गळ'ची (१९७७) नायिका छळणाऱ्या नवऱ्यापासून घटस्फोट घेतलेली आहे. मणिरत्नमच्या 'मौन रागम'मध्ये (१९८६) नवी नवरी नवऱ्याकडे घटस्फोटच मागते. लग्नाला वर्ष होण्याआधी अर्ज करता येत नाही, ही हिंदू विवाह कायद्यातली अट तिथे कथेचा कणा आहे, कारण त्या सक्तीच्या सहवासातच दोघांचं नातं बदलतं.

'प्रेम सरळसाधं होतं.' श्रीधर यांच्या 'कल्याण परिसु'त (१९५९) धाकटी बहीण आपल्या प्रियकराला थोरलीशी लग्न करायला लावते, आणि त्या त्यागाने तिघांचीही आयुष्यं विस्कटतात. 'अपूर्व रागंगळ'मध्ये (१९७५) तरुण मुलगा वयाने मोठ्या स्त्रीवर प्रेम करतो, तर त्याचे वडील तिच्या मुलीत गुंततात.

'स्त्रीला मान होता.' इथे आमचा आक्षेप सर्वांत तीव्र आहे. 'पट्टिक्काडा पट्टणमा'त (१९७२) परदेशात शिकून आलेल्या बायकोला गावरान नवरा वठणीवर आणतो, आणि चित्रपट त्याच्याच बाजूने उभा राहतो. नायिकेला छेडून जिंकण्याची गाणीही तेव्हापासूनची. नंतरच्या चित्रपटांनी तोच पाठलाग अधिक उग्र केला, हे खरं. सुरुवात मात्र त्यांची नव्हे. २०१६मध्ये चेन्नईच्या नुंगमबाक्कम स्थानकावर एका तरुणीचा खून झाला आणि संशय तिचा पाठलाग करणाऱ्यावर गेला, तेव्हा चित्रपटांतल्या या पाठलागावर तिथे उघड वाद झाला.

हा गैरसमज होतो तो बहुतेक सुट्या गाण्यांमुळे. बागेतलं युगुलगीत पाहून चित्रपटाचा निवाडा करू नका. शेवटची दोन रिळं पाहा आणि लग्नाचा निर्णय कोण घेतं, किंमत कोण मोजतं, हे नोंदवा.

खरा बदल जातीच्या उल्लेखात आहे. पूर्वी दोघांमधली दरी बहुधा गरीब-श्रीमंत एवढीच दाखवत. बालाजी शक्तिवेलच्या 'कादल'मध्ये (२००४) मदुराईचा मेकॅनिक आणि त्याची प्रेयसी चेन्नईला पळतात, पण तिचं वरच्या जातीचं कुटुंब त्यांना परत आणतं आणि मारहाणीत तो वेडा होतो. मारी सेल्वराजच्या 'परियेरुम पेरुमाळ'मध्ये (२०१८) तर प्रेमाची कबुलीही झालेली नसते. वरच्या जातीतल्या वर्गमैत्रिणीच्या घरचे दलित नायकाला अपमानित करतात, त्याच्या जिवावर उठतात, आणि त्याचं काय केलं गेलं हे तिला कळतही नाही.