रुपया दंड

आज नव्या राजवाड्यात जाऊन आले. डोकं अजून तापलेलं आहे, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी रंकाळ्याच्या सूर्यास्ताचे फोटो बघावेत, कुणीतरी टाकलेच असतील.

पुण्याहून नणंद आलीय, मुलांना घेऊन. अंबाबाई झाली, तांबडा-पांढरा झाला, मग राजवाडा. पाहुणे आल्याशिवाय कोल्हापूरकर कधी राजवाड्यात जातो का? मीही सहा-सात वर्षांनी गेले. तोच काळा दगड, तोच घड्याळाचा मनोरा, दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवरायांचे प्रसंग, आणि ते पेंढा भरलेले वाघ. नणंदेची पोरं वाघांपासून हलेनात.

सहलींचे दिवस आहेत. आत एकाच वेळी दोन शाळा होत्या. एक ब्लेझरवाली, गळ्यात ओळखपत्रं, प्रत्येक वीस मुलांमागे एक मॅडम. दुसरी जिल्हा परिषदेची. तीसेक पोरं, एकमेकांचे हात घट्ट धरलेली, आणि सगळ्यांना मिळून एकच बाई. तिकिटाच्या खिडकीशी ह्या बाई रुमालात बांधलेल्या नोटा परत परत मोजत होत्या, तेव्हाच माझं लक्ष गेलं होतं.

आत शाहू महाराजांच्या फोटोपुढे त्यातल्या दोन मुली उभ्या. एक दुसरीला सांगत होती, "ह्यांनीच शाळंत न्हाई धाडलं तर रुपया दंड घातलेला. आपल्या बाईंनी सांगितलंय न्हवं." दुसरीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मग माज्या बापाला किती झाला असता गं?"

मला हसू आवरेना. वळले, तर शेजारी एक गृहस्थ. चांगला शर्ट, गाडीची किल्ली बोटात फिरवतायत, सोबत आठ-नऊ वर्षांचा मुलगा. मुलगा कंटाळलेला, घरी चला म्हणून मागे लागलेला. तर हा बाप त्या मुलींकडे बोट करून त्याला म्हणतो, "अभ्यास नाही केलास ना, तर ह्यांच्या शाळेत टाकीन. बघ. चालेल?"

फोटो वर. बोट खाली. मुली तिथंच.

पहिलीनं दुसरीचा हात ओढला आणि दोघी पुढं गेल्या. ऐकलं त्यांनी. नाही ऐकलं असं मी स्वतःला दुपारपासून सांगून बघतेय, पटत नाही.

अरे बाबा, तू उभा कुठं आहेस? हा वाडा १८८४ ला बांधून झाला आणि त्याच वर्षी कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक येऊन शाहू महाराज झाला. वाडा आणि राजा कोल्हापूरला एकाच साली मिळाले. आणि त्या राजानं १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं. पोराला शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया! १९०२ चा, मागासांसाठी नोकरीतल्या निम्म्या जागा राखणारा जाहीरनामा सगळ्यांच्या तोंडी असतो, भांडायला उपयोगी पडतो ना. हा दंड कुणाच्या लक्षात नसतो. एका जिल्हा परिषदेच्या बाईंच्या लक्षात आहे, आणि त्यांनी तो वर्गात सांगितलाय. अशा बाईंच्या शाळेत टाकण्याची धमकी? माझं पोर असल्या बाईंकडे गेलं तर मी पेढे वाटेन.

(हो, वाघ मारून पेंढा भरणारेही ह्याच घराण्यातले. मान्य. पुढे.)

आता आत्याबद्दल सांगते, त्याशिवाय माझा राग कुणाला कळणार नाही.

माझे बाबा गारगोटीच्या पलीकडच्या एका वाडीतले. १९६५ ला आठवीसाठी कोल्हापूरला बोर्डिंगात आले. दसरा चौकाच्या आसपास फिरला असाल तर ही बोर्डिंगं दिसली असतील. १९०१ च्या मराठा बोर्डिंगपासून सुरुवात, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठी १९०८ चं मिस क्लार्क. जातवार होती, हे कुणीतरी लिहिणारच, म्हणून मीच लिहिते: होती जातवार. पण राहायची सोय झाली म्हणून खेड्यातलं पोर शहरात टिकलं, एवढं तरी कबूल करा.

राहायची सोय झाली, जेवायची घरूनच. रोज सकाळी पहिल्या एसटीनं डबा यायचा. भाकरी, खर्डा, कधी उसळ. डब्यावर फडकं बांधलेलं आणि नाव लिहिलेली पत्र्याची चकती. ड्रायव्हरच्या शेजारी असे पन्नास-पन्नास डबे रचलेले असायचे म्हणे. पोरं स्टँडवर जाऊन आपापला उचलायची. हे बाबा फार रंगवून सांगायचे. डबा चुकला की कुणाच्या घरची भाकरी कुणी खाल्ली, एकदा भलत्याच डब्यात मटण निघालं आणि मालक सापडेपर्यंत ते संपलं कसं, वगैरे. आमच्या घरी ही गोष्ट हजार वेळा झाली असेल.

त्या हजार वेळांत मी एकदाही विचारलं नाही की एसटीपर्यंत डबा आणायचं कोण.

आत्या आणायची. बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान. वाडीपासून फाटा दोन-अडीच किलोमीटर. पहाटे अंधारात निघायची, पावसाळ्यात डोक्यावर इरलं, डबा पोटाशी. तिला दुसरीतून काढलं होतं. धाकटं भावंड सांभाळायला आणि म्हसरं बघायला कुणीतरी हवं होतं, ते कुणीतरी म्हणजे ती. आणि ऐका, घरात गणितात हुशार ती होती. बाबा नव्हे. बाबा स्वतः सांगायचे. आजही डेअरीच्या दुधाचा दहा दिवसांचा हिशोब, फॅट आणि दरासकट, ती तोंडी करते आणि डेअरीवाल्या पोराची चूक काढते.

डबा रोज कोल्हापूर बघायचा. आत्यानं कोल्हापूर पहिल्यांदा बघितलं ते लग्नाच्या बस्त्याला.

म्हणून राजवाड्यात त्या माणसाचं बोट बघितलं तेव्हा मला त्या दोन मुलींच्या जागी आत्या दिसली. ती निदान दुसरीपर्यंत ज्या शाळेत गेली, ती हीच शाळा. बाबाही ह्याच शाळेतले. त्या गृहस्थांचे वडीलही, पैज लावते, ह्याच शाळेतले असणार.

आता म्हणाल, जिल्हा परिषदेच्या शाळांचा दर्जा घसरलाय, त्याला आईबाप काय करणार. घसरलाय काही ठिकाणी. एक बाई तीस पोरांना एकट्या सांभाळत आल्या होत्या, हे मीच वर लिहिलंय. पण घसरला कधी? तुम्ही-आम्ही आपली पोरं काढून घेतल्यावर. बोलणारी, भांडणारी, अर्ज लिहिणारी माणसं शाळेच्या फाटकातून बाहेर पडली, मग पट कमी झाला. २०२३ ला सरकारनं सांगितलं की वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करूया. आमच्या वाडीसारख्या ठिकाणी शाळा लांब गेली की आधी कोण घरी बसतं, हे आत्याला विचारा.

आणि मोठ्या शाळेत जायची वाट म्हणाल तर आरटीईची, म्हणजे खासगी शाळांत गरीब मुलांसाठी फुकट राखलेल्या २५ टक्के जागांची सोडत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाचा नंबर लागला होता. मावशींनी साखर वाटली. मग शाळेनं ॲक्टिव्हिटीचे पैसे वेगळे सांगितले, गणवेश अमुकच दुकानातून, बूट दोन जोड, वह्या त्यांच्याच छापाच्या. फुकटातली शाळा परवडेना. दिवाळीनंतर पोरगं परत वॉर्डातल्या शाळेत. मावशी मला म्हणाल्या, "जाऊ द्या वहिनी, तिथं त्याला मागच्या बाकावरच बसवत हुते." २०२४ ला तर सरकारनं नियमच असा बदलला की जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही मुलं घ्यायलाच नकोत. हायकोर्टानं तो बदल रद्द केला म्हणून वाचलं. शंभर वर्षांपूर्वी ह्या गावात बापाला दंड होता, आता पोराच्या नावाची चिठ्ठी निघायची वाट बघायची.

इथवर लिहून चहा प्यायला उठले होते. लेक शेजारी बसून वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "आई, तू पण म्हणाली होतीस मला."

म्हणाले होते. तिसरीत असताना पाढे येईनात तेव्हा. अगदी तेच वाक्य नाही, पण "म्युनिसिपालटीच्या शाळेत जायचंय का" असं काहीतरी. मला आठवत नव्हतं, तिला आठवतंय. आणि हो, माझी लेक इंग्रजी माध्यमात आहे. तिची फी मी भरते, वेळेत भरते, आणि बस पाच मिनिटं उशिरा आली तर ग्रुपवर सगळ्यात आधी मेसेज माझा असतो. ब्लेझरवाल्या शाळेकडे बघून मी मघाशी मनात नावं ठेवली, तिचंही ब्लेझर कपाटात आहे. करा स्क्रीनशॉट.

त्या माणसाला मी काही बोलले नाही, हेही लिहून टाकते. तिथं तोंड उघडलं नाही, इथं हजार शब्द. निदान त्या मुलींना जाऊन सांगायला हवं होतं की तुमच्या बाईंनी बरोबर सांगितलंय. बाहेर येऊन शोधलं, पण लाल डबा निघून गेला होता. ब्लेझरवाली पोरं हरणं बघत चिप्स खात होती. ती तरी बिचारी काय करणार, पोरंच ती.

पोस्ट टाकायच्या आधी आत्याला फोन लावला. तिचं नाव नाही लिहिलं, पण तिची गोष्ट सांगतेय तर विचारायला नको का? तिला सगळं सांगितलं. तो माणूस तिला फारसा लागला नाही, "असत्यात तसली" म्हणाली. त्या पोरीचा प्रश्न मात्र तिनं मला दोनदा सांगायला लावला. बापाला किती झाला असता?

मी म्हटलं, आत्या, संस्थान १९४९ लाच विलीन झालं, तुझ्या वेळी दंड मागायला कोण येणार होतं.

"ते ऱ्हाऊ दे गं. दुसरीतनं काडली मला. चौथीपतूर धर. दोन वर्सं, चोवीस म्हैनं." पलीकडे भांड्यांचा आवाज. "चोवीस रुपय."

मग थांबून म्हणाली, "एवढं न्हवतं आबांकडं. धाडलंच असतं मला."