२५२० जगात एकटी नाही

‘२५२० ही संख्या रामानुजन यांनी शोधली. १ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी जगातली एकमेव संख्या! पाश्चात्त्य गणितज्ञ थक्क! रहस्य हिंदू कालगणनेत : आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० × वर्षाचे १२ महिने.’ हा मेसेज कैक वर्षं फिरतोय. आता तो आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या राजारामपुरीतल्या माझ्या भाचीने वहीत उतरवून घेतला. आता गप्प बसवत नाही.

‘एकमेव’ हे धडधडीत खोटं. दुप्पट करा, ५०४०. तिप्पट करा, ७५६०. त्यांनाही १ ते १० सगळ्यांनी भाग जातो. अशा संख्या संपतच नाहीत. २५२० त्यांतली सर्वांत लहान, एवढंच. आणि ती बनवायला लसावि पुरतो : ८ × ९ × ५ × ७. आठात २ आणि ४ आले, नवात ३ आला, दोन नि तीन आले म्हणजे ६ आला, दोन नि पाच आले म्हणजे १० आला. ही रीत भाचीला येते. स्वतः करता येणारी गोष्ट पोरगी ‘चमत्कार’ म्हणून लिहून ठेवते, राग त्याचा आहे.

रामानुजन यांनी शोधली म्हणे! इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्लेटोने कायद्यांवरच्या संवादात आदर्श नगरासाठी ५०४० जमीनधारक ठरवले, आणि या संख्येला १ ते १० सलग सगळ्यांनी भाग जातो हे तिथेच सांगितलं. एक मान्य करतो, रामानुजन यांच्या कामात २५२० आहे. आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांनी १९१५ साली मोठा निबंध लिहिला. २५२० ला ४८ विभाजक, म्हणून ती त्या यादीत. पण यादी पोचते ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत! संगणक नसताना केलेल्या त्या यादीत एकच संख्या सुटली, २,९३,३१,८६,२५,६००. एवढ्या माणसाच्या नावावर लसाविचं एक उदाहरण खपवायचं?

कालगणनेचं म्हणाल तर ७ × ३० × १२ = २५२० हा गुणाकार बरोबर आहे, महिन्याच्या तिथीही ३०. पण दिवसांना दिवसांनी नि वर महिन्यांनी गुणून हाती येतं काय? चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, बारा महिन्यांचे ३५४ दिवस. सौर वर्षाशी मेळ राहावा म्हणून अधिक मास धरतात. नाहीतर जोतिबाची चैत्र यात्रा सरकत सरकत पावसाळ्यात गेली असती. पंचांगकर्त्यांचं खरं गणित ते आहे.

थक्क झालेल्या गणितज्ञांपैकी एकाचंही नाव मेसेजमध्ये नाही.

मामा, पुढे पाठवायचंच असेल तर २३,२७,९२,५६० पाठवा. १ ते २० सगळ्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या. खाली कृतीही लिहा : १६ × ९ × ५ × ७ × ११ × १३ × १७ × १९.