नव्या तुरुंगाआधी कच्च्या कैद्यांचा हिशेब

मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता हजारभरही नाही आणि आत बंदी मात्र तीन हजारांच्या आसपास असतात, ही बातमी अधूनमधून येते आणि तिच्या मागोमाग मानखुर्दच्या नव्या कारागृहाचा विषयही निघतो. त्या बराकींतली दाटी असह्य आहे. त्यामुळे नवे बांधकाम नकोच, असे लंडनमध्ये बसून सांगण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. मात्र बांधकामावरच भिस्त ठेवली की सरकारी तिजोरीचे काय होते, हे इथे करदात्याच्या नजरेने पाहायला मिळते आणि आपल्याकडच्या चर्चेत त्याचा उल्लेखही नसतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये चालू दशकाच्या मध्यापर्यंत तुरुंगांत 20 हजार जागा वाढवण्याचे ठरले होते. डिसेंबर 2024 मध्ये इथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याचा हिशेब मांडला, तेव्हा जेमतेम साडेसहा हजार जागा तयार झाल्या होत्या, उरलेल्यांसाठी 2031 साल उजाडेल असे दिसत होते आणि खर्चाचा आकडा मूळ अंदाजापेक्षा किमान 4.2 अब्ज पौंडांनी फुगून 9.4 ते 10.1 अब्जांवर गेला होता. शिवाय इमारत उभी राहिली म्हणजे खर्च संपला असे होत नाही. एका कैद्यामागे वर्षाला 50 हजार पौंडांहून अधिक, म्हणजे आपल्या अर्ध्या कोटीच्या वर रक्कम लागते. एवढे करूनही जागा पुरेना, म्हणून 10 सप्टेंबर 2024 रोजी सुमारे 1,700 कैदी शिक्षेचा 40 टक्के भाग भोगल्यावरच सोडावे लागले. त्यांतल्या काहींनी तुरुंगाच्या दारातच कॅमेऱ्यांसमोर शॅम्पेनच्या बाटल्या उघडून जल्लोष केला आणि लोक साहजिकच संतापले. वर्षानुवर्षे शिक्षांचा कालावधी वाढवत नेण्याचे श्रेय घेणाऱ्या राजकीय पक्षांवर मात्र त्या संतापाचा फारसा रोख नव्हता.

आपले दुखणे वेगळे आहे. इथे खटले तुंबलेले असूनही खटल्याची किंवा शिक्षा सुनावली जाण्याची वाट पाहणारे कैदी एकूण कैद्यांच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढे आहेत. भारतात 2022 च्या अखेरीस 4,36,266 जणांच्या जागेत 5,73,220 माणसे कोंडलेली होती आणि त्यांतले जवळजवळ 76 टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे इथली गर्दी न्यायाधीशांनी दिलेल्या शिक्षांची आहे, आपली गर्दी निकालाच्या प्रतीक्षेची. जामीन मंजूर होतो, पण परप्रांतातून आलेल्या मजुराला ऐपतीचा दाखला देणारा जामीनदार मिळत नाही. तारीख लागते, पण न्यायालयात न्यायला पोलीस बंदोबस्त नसतो आणि तारीख पुढे ढकलली जाते. अशा माणसासाठी नवी कोठडी बांधणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून मोठी बादली आणणे होय.

विजय मल्ल्यांच्या प्रत्यार्पण खटल्यात 2018 साली लंडनच्या न्यायालयाने त्यांना जिथे ठेवले जाणार होते त्या आर्थर रोडच्या बराक क्रमांक 12 मध्ये उजेड किती येतो हे पाहण्यासाठी चित्रफीत मागवली होती. (त्याच लंडनमधल्या वॉन्ड्सवर्थ तुरुंगाच्या दुरवस्थेबद्दल मुख्य निरीक्षकांना मे 2024 मध्ये सरकारला तातडीची सूचना द्यावी लागली, ते असो.) शेजारच्या बराकींच्या उजेडाची तेवढी काळजी कुणाला वाटत नाही.

कायद्यात वाट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. गरीब कच्च्या कैद्यांना जामिनासाठी मदत देणारी केंद्राची योजना 2023 पासून आहे; ती सुरू झाली तेव्हा मदतीची मर्यादा 40 हजार रुपये होती. शिक्षा झालेल्यांसाठीही बंद कोठडी हा एकच मार्ग नाही: आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीत असे बंदी कुटुंबासह राहून शेती करतात, आणि ती व्यवस्था औंध संस्थानाच्या काळापासूनची आहे.

मानखुर्दसाठी पैसे मागणाऱ्या गृहखात्याने त्याच प्रस्तावात जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्यांची जिल्हावार संख्या आणि बंदोबस्ताअभावी हुकलेल्या तारखांचा तक्ता जोडावा, आणि विधिमंडळाने तो पाहिल्याशिवाय निधी मंजूर करू नये.