घरचं ॲडब्लू आणि कापलेला डीपीएफ: त्या मेसेजमधलं काय खरं, काय खोटं

‘बीएस-6 म्हणजे कंपन्यांची लूट. 20 लिटर पाण्यात 6.5 किलो शेतीचा युरिया ढवळा, झालं 32.5 टक्क्यांचं ॲडब्लू. डीपीएफ कापून टाका, पीयूसी तरीही मिळते. सरकारने या तंत्रज्ञानाला दमडी दिली नाही.’ हा मेसेज फिरत फिरत मेव्हण्यापर्यंत आला. त्याचे दोन टिपर आहेत, म्हणून लिहितोय. बीएस-6 म्हणजे गाड्यांच्या धुराचे सरकारी नियम. ॲडब्लू म्हणजे शुद्ध युरिया आणि शुद्ध पाण्याचं द्रावण: डिझेलच्या धुरात फवारलं की त्याचा अमोनिया होतो आणि तो कॅटॅलिस्टवर नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे घातक ऑक्साइड, कमी करतो. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर.

आधी गणित. 32.5 टक्के हे तयार द्रावणाच्या वजनावर असतात, पाण्याच्या नाही. 20 किलो पाण्यात 6.5 किलो घातला की वजन होतं 26.5 आणि युरिया भरतो जेमतेम 24.5 टक्के. अमोनिया कमी पडतो, नॉक्स सेन्सर ते पकडतो. आधी टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, 25 टक्क्यांनी उतरतो, तरीही दुर्लक्ष केलंत तर वेग ताशी 20 किलोमीटरवर अडकतो. भरलेला टिपर घाटात घेऊन बसा मग.

बरं, मोजून 9.6 किलो घातला तर? रिफ्रॅक्टोमीटर आकडा बरोबर दाखवेल, पण तो फक्त तीव्रता मोजतो, शुद्धता नाही. ॲडब्लूच्या आयएसओ 22241 मानकानुसार द्रावणात बाययुरेट, म्हणजे युरिया बनवताना तयार होणारी अशुद्धी, 0.3 टक्क्यांच्या आत हवं. खताच्या युरियात ते 1.5 टक्क्यांपर्यंत चालतं, म्हणजे पातळ करूनही 0.49 पर्यंत जाऊ शकतं. नोझलच्या तोंडाशी जो पांढरा, दगडासारखा थर धरतो त्यात याचा हात असतो. वर निंबोळी तेलाचा लेप, तो पाण्यात विरघळत नाही, फिल्टरमध्ये जातो. आणि बोअरचं पाणी? मानकात कॅल्शियमची मर्यादा किलोला 0.5 मिलिग्रॅम. बोअरला त्याच्या कितीतरी पट असतं आणि ते कॅटॅलिस्टवर जाऊन बसतं, परत निघत नाही. शिवाय सबसिडीचा युरिया शेताबाहेर वापरणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच.

पीयूसीचं म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. डिझेलच्या पीयूसीत धुराची गडदता मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. पण डीपीएफ कापण्यासारखा विनापरवाना बदल केल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

‘दमडी दिली नाही’ हे मात्र साफ खोटं. 10 पीपीएम (दहा लाखांत 10 भाग) गंधकाच्या डिझेलशिवाय ही यंत्रणा टिकत नाही, आणि त्यासाठी रिफायनऱ्या सुधारल्या त्या मुख्यतः सरकारी तेल कंपन्यांनीच. चाचणीच्या सोयी पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत आणि नॅट्रिप या सरकारी वाहन-चाचणी प्रकल्पातून मानेसर, पीथमपूर, चेन्नईला सरकारी पैशातून उभ्या राहिल्या. हो, ट्रकमालकाच्या हातात थेट काही पडलं नाही. अमेरिकेत 2005 च्या कायद्याखाली जुन्या डिझेल गाड्यांना फिल्टर बसवायला अनुदान मिळालं, तसं आपल्याकडे हवं होतं.

कुणी हे द्रावण आधीच ओतलं असेल तर इग्निशनसुद्धा देऊ नका. टाकी पूर्ण रिकामी करा, डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने धुवा, फिल्टर बदला, मगच सीलबंद ॲडब्लू भरा. पंपाने एकदा ते ओढलं असेल, तर लाइन आणि नोझलही तपासून घ्या.